प्लाझ्मा नियंत्रणाला टीआरएल किती द्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी महाप्याला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. वरून फर्मान आलंय: फ्यूजनमध्ये (अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवणं) प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, स्थिर ठेवणारी तंत्रं कितपत तयार आहेत यावर टिपण द्या, प्रत्येकापुढे १ ते ९ मधला टीआरएल (तंत्रज्ञान किती तयार आहे त्याची पातळी, ९ म्हणजे पूर्ण तयार) लिहा. तिथेच अडलोय.

उभ्या दिशेचं नियंत्रण पटकन समजलं, आपलाच फीडबॅक लूप. टोकामॅकमध्ये (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं कड्याच्या आकाराचं यंत्र) प्लाझ्मा उभट ताणला की कामगिरी सुधारते, पण तो वर-खाली निसटायला बघतो. कॉइलचा करंट बदलून मिलिसेकंदांत त्याला जागेवर आणतात. मोठ्या यंत्रांवर हे रोजचं काम आहे. २०२२ मध्ये तर डीपमाइंड ही एआय कंपनी आणि स्वित्झर्लंडचं ईपीएफएल विद्यापीठ यांनी तिथल्या टीसीव्ही टोकामॅकच्या कॉइल न्यूरल नेटवर्ककडून चालवून घेतल्या.

डिसरप्शनचं काय करू? प्लाझ्मा एकाएकी कोसळतो, उष्णता भिंतीवर येते, वर बेफाम इलेक्ट्रॉनांचा झोत. गोठवलेल्या गोळ्या फोडून त्यांचे तुकडे आत मारायचा उपाय जेट (ब्रिटन), केस्टार (दक्षिण कोरिया) वगैरे टोकामॅकवर तपासलाय. पण फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या महाकाय इटर टोकामॅकचा प्लाझ्मा करंट १५ मेगाअँपिअर, जेटचा त्याच्या निम्म्याहून कमी. बेफाम इलेक्ट्रॉनांची वाढ करंटबरोबर घातांकी होते, म्हणजे जेटचा निकाल दुपटीने गुणून चालत नाही.

शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणतात, फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकने २०२५ मध्ये २२ मिनिटं प्लाझ्मा टिकवला, सरळ ८ लिहा! अहो, तिथे करंट किती कमी, आणि ट्रिटियम (फ्यूजनचं किरणोत्सारी इंधन) नाहीच.

मला खरी धास्ती सेन्सरची वाटते. चुंबकीय कॉइल क्षेत्राचा बदल मोजते, क्षेत्र हवं तर ते बदल इंटिग्रेट करावे, म्हणजे सतत बेरजेत घ्यावे लागतात. बारीकसा ऑफसेटसुद्धा (शून्यातली चूक) तासाभरात साचून प्लाझ्मा भलत्याच जागी दाखवेल. त्यात सेन्सरवर फ्यूजनच्या न्यूट्रॉनचा मारा. कंट्रोलर कितीही हुशार असो, मोजमापच वाहवत गेलं तर तो करणार काय?

जाणकारांना विचारायचंय: आजच्या यंत्रांसाठी एक आणि जळत्या प्लाझ्मासाठी (मुख्यतः स्वतःच्या फ्यूजनच्या उष्णतेवर तापलेला राहणारा) एक, असे दोन आकडे दिले तर चालेल का? जर्मनीच्या वेंडेलश्टाइन ७-एक्ससारख्या स्टेलरेटरमध्ये (पिळदार बाहेरच्या कॉइलनीच प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) प्लाझ्मात मोठा करंटच नसतो. तिथे डिसरप्शनची ओळ कोरी सोडायची का? आणि गांधीनगरच्या आयपीआरमध्ये (प्लाझ्मा संशोधन संस्था) आदित्य-यू टोकामॅकवर काम केलेलं कोणी असेल, तर इंटिग्रेटरच्या ड्रिफ्टला (वर म्हटलेलं मोजमाप वाहवत जाणं) तिथे काय उपाय करतात ते सांगाल का? टिपण सोमवारी द्यायचंय.