पाणी पाहणारा म्हणते शंभरातले ९५ बोअर लागले, हे खरं का खोटं पाहावं कसं?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

राम राम मंडळी. आमचं साडेपाच एकर वावर हाये, जुनी इहीर हाये पण फेब्रुवारी लागला का तळ दिसते अन हरबऱ्याले शेवटचं पाणी भेटत नाही. औंदा बाबा बोअर मारायचं म्हणून रायले. त्यासाठी त्यायनं बाजूच्या तालुक्यातला एक पाणी पाहणारा ठरवला. हातावर नारळ ठेवते, वावरात फिरते, नारळ उभा झाला का थांबते अन टाच मारून जागा दाखवते. म्हणते का आजवर दोनशेच्या वर जागा दाखवल्या अन शंभरातले ९५ बोअर लागले. फी २१०० आधी, पाणी लागलं तं अजून ५०००, नाही लागलं तं २१०० बी वापस.

बाबाचं म्हणणं, एवढी गॅरंटी तं मोटरवाला बी देत नाही. मले पटत नाही पण माझ्यापाशी सांगायले बी काही नाही, मी म्हणतो अंधश्रद्धा हाये, बाबा म्हणते तू पुण्याले दोन वर्ष राहून आला म्हणून असा बोलून रायला. संपलं बोलणं. भांडण नाही करायचं मले. फक्त एवढं सांगा का तो जे ९५ म्हणते ते तपासायचं कसं? बोअरचे साठ-सत्तर हजार तं कुठंच गेले नाही, मोटर-पाइप वेगळे, अन ते पैसे कापसाचे हायेत.

संत्रावाला वरुड

भाऊ एवढं काय डोकं लावता, बोलवा त्याले. आमच्या बगीच्यात तीन बोअर, तिन्ही पाणाड्यानंच दाखवले, तिन्हीले पाणी. मी काही अडाणी नाही, बीएस्सी झालो हो. पण डोळ्यानं पाह्यलं ते खोटं कसं मानू? नारळ माझ्या सोताच्या हातावर बी उभा झाला होता, अंगावर काटा आला राजेहो. एसीत बसून अंधश्रद्धा म्हणणं लय सोपं हाये, मे महिन्यात संत्र्याची झाडं वाळून रायली असली का मंग समजते.

दगडमाती

भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, सध्या नागपूरला, गाव पुसदकडचं. एसी नाहीये, कूलर आहे, तोही आवाज करतो.

धुऱ्यावरचा भाऊ, ९५ चं नंतर पाहू. आधी हे शोधा की तुमच्याच शिवारात नारळ न फिरवता, कुठंही मनाला येईल तिथं बोअर मारला तर दहातले किती लागतात. हा आकडा हातात नसेल तर ९५ ला काही अर्थच नाही. समजा दहातले सात असेच लागत असतील, तर काहीही न करणारा माणूससुद्धा शंभरात सत्तरवर उभा आहे.

आणि आपल्याकडे असेच बरेच लागतात, त्याला कारण आहे. यवतमाळ, अमरावती, वाशिम, बुलडाणा हा सगळा बहुतेक काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा भाग. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येक थराचा वरचा भाग फुगलेला, भोकाभोकाचा, खालचा घट्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. नाल्याजवळच्या सखल वावरात मुरूम खोल असतो, तिथं थोडंफार पाणी लागण्याची शक्यता चांगलीच असते. लोक म्हणतात तशी पाण्याची एकच नस जमिनीखालून वाहतेय आणि दोन हात बाजूला गेलं की चुकली, असं क्वचितच असतं.

आता हिशेब बघा. दहातले सात लागणाऱ्या शिवारात एखाद्यानं डोळे मिटून पाच जागा दाखवल्या तर पाचच्या पाच लागण्याची शक्यता साधारण १७ टक्के. म्हणजे असे सहा जण फिरत असतील तर सरासरी त्यातला एक जण ‘पाचपैकी पाच’ म्हणून तालुक्यात गाजतो. बाकीचे पाच कुणाला आठवत नाहीत.

फी तर मला लय आवडली. दहा गिऱ्हाइकं, सात बोअर लागले, सात गुणिले ७१०० म्हणजे ४९,७००. तिघांचे पैसे परत, त्याचं गेलं काय, पेट्रोल. कोरड्या बोअरचे साठ हजार कोण देणार, ते त्याच्या गॅरंटीत नाही. बाबांना हे नक्की सांगा.

वरुडवाल्या भाऊंना एक विचारतो, राग नका मानू. तिन्ही बोअर किती फुटांवर लागले? आणि शेजाऱ्यांनी पाणाडा न बोलावता मारलेल्यांचं काय झालं?

खारपाणी (दर्यापूर)

हाहा आमच्याकडे या ना पाणी पाहायले. पूर्णेच्या खोऱ्यात सगळी गाळाची जमीन, दगड पाहायले भेटत नाही, कुठं बी बोअर मारा पाणी लागते म्हणजे लागतेच. पण तोंडात नाही घेता येत. आमच्या गावात एक जण होता, शंभर टक्के रेकॉर्ड, एक बी फेल नाही, अन निम्म्या बोअरच्या पाण्यानं नंतर वावरावर पांढरी खार आली. पाणी लागलं ना मंग, तो खोटं कुठं बोलला?

म्हणून भाऊ त्याले हे बी इचारा का ‘लागला’ म्हणजे काय. बोअरच्या गाडीवाल्यानं कॉम्प्रेसर मारला अन फवारा उडाला म्हणजे लागला, का मे महिन्यात एक तास मोटर चालली म्हणजे लागला. यात लय फरक हाये.

अन मशीनवाल्याले बी हेच इचारा बरं का. औंदा एक जण आला, डबा, दोन वायरी, मोबाइलवर लाल-निळं चित्र, म्हणे सायंटिफिक हाये ९९ टक्के. नारळाच्या जागी बॅटरी आली एवढंच वाटलं मले.

दगडमाती

खारपाणी, बरोबर. जमिनीत करंट सोडून रोध मोजायची पद्धत खरी आहे, ओल्या दगडातून करंट सोपा जातो. पण चिकण मातीतून आणि खाऱ्या पाण्यातूनही सोपाच जातो, म्हणून नुसत्या चित्रावर नाही चालत, आजूबाजूच्या विहिरींशी ताडून पाहावं लागतं. ९९ टक्के म्हणणाऱ्या मशीनवाल्याला आधी त्याची फेल गेलेली यादी मागायची. मी स्वतः दाखवलेल्या जागांपैकी दोन कोरड्या गेल्यात, त्या मालकाचा अजूनही फोन आला की पोटात गोळा येतो.

रिटायर गुरुजी

तुमचं सगळं वाचलं. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आमच्या गावातले पाणाडे लहानपणापासून पाहतो आहे. एक सांगतो, दोन गोष्टींची खिचडी होते. जुनी माणसं उंबर, शिंदीची झाडं, वारूळ, मातीचा रंग पाहून जागा सांगायची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, दकार्गल नावाचा अख्खा अध्याय याच खुणांवर आहे. त्यातली प्रत्येक खूण खरी ठरेलच असं नाही, पण उन्हाळ्यातही हिरवंगार राहणारं झाड खाली ओल आहे हे सांगू शकतं, त्याला कारण देता येतं. अनुभवी पाणाडा वावरात शिरतानाच उतार, नाला, झाडं पाहून घेतो, आणि मग नारळ उभा राहतो तोही नेमका तिथंच! श्रेय मात्र नारळाला.

नारळ हातावर उभा राहतो त्यात लबाडी असेलच असं नाही. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दोऱ्याला टांगलेल्या लंबकाचं असंच पाहिलं होतं, १८३३ साली त्यानं ते छापलं. हात नकळत हलतो, माणसाला वाटतं वस्तू आपोआप हलली. डोळ्यांवर पट्टी बांधली की लंबकाचं झुलणं थंडावलं. वरुडवाल्यांच्या अंगावर काटा आला तो खराच असणार, काट्याबद्दल माझा वाद नाही.

जर्मनीत म्युनिकला १९८७-८८ मध्ये यावर मोठा प्रयोग झाला. पाचशेच्या आसपास पाणाडे पाहून त्यातले चांगले वाटलेले ४३ निवडले. एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून इकडेतिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं सांगायचं, पाइप कुठं आहे. असं ८४३ वेळा केलं. करणाऱ्यांनी जाहीर केलं की काही थोड्या जणांना खरंच जमतं. पुढं एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले, तर एका फेरीत भारी ठरलेला माणूस दुसऱ्या फेरीत तसा ठरत नव्हता. म्हणजे जो पुरावा म्हणून मिरवला तोच उलटा निघाला. शाळेत हे मुलांना सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचेही ऐकायचे.

तुम्ही स्वस्तात करू शकता. त्याला सकाळी जागा दाखवू द्या, खूण तुम्ही लक्षात ठेवा. मग डोळ्यांवर दुपट्टा बांधून, दुसऱ्या बाजूनं पुन्हा फिरवा. पाणी तर तासाभरात जागा सोडत नाही.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

सगळ्यायले धन्यवाद. चार दिवस गायब होतो कारण वही घेऊन शिवारभर फिरलो. बाबा म्हणाले वेडा झाला, पण बंडीवर बसून सोबत आले.

एक गोष्ट आधी सांगतो. चालू बोअर दुरून दिसते, पेटी हाये, वायर हाये, पाइप हाये. फेल बोअर शोधावं लागते. धुऱ्याच्या कडेले गवतात केसिंगचं, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात टाकलेल्या पाइपाचं तोंड, त्यात पोतं कोंबलेलं अन वरून दगड. काहींवर तं दगड बी नाही, लेकरू गेलं तं काय होईन, दोन ठिकाणी मीच दगड ठेवून आलो. अन मालक सांगत नाही हो! एका काकाले इचारलं तं म्हणे आमचा एकच बोअर, अन मी त्यायच्याच दुसऱ्या बोअरवरच्या दगडावर बसून इचारून रायलो होतो.

तं हिशेब असा. नाल्याच्या दोन्ही अंगाले मिळून १९ बोअर भेटले. त्यातले ७ आमच्या याच नारळवाल्यानं दाखवलेले, १२ असेच मारलेले, कोणी लाइटचा खांब जवळ म्हणून, कोणी गाडी आत जात नाही म्हणून रस्त्याच्या कडेले. मारले तेव्हा पाणी लागलं असे, त्याचे ७ पैकी ५, असेच मारलेले १२ पैकी ८. अन खारपाणी भाऊनं सांगितल्यावाणी इचारलं का मे महिन्यात चालते का, तं त्याचे ७ पैकी ३ अन बाकीचे १२ पैकी ५.

मी मोबाइलवर टक्के काढले. ४३ अन ४२. बाबाले दाखवले, बाबा काही बोलले नाही, तंबाखू मळत बसले.

दगडमाती

कमाल केलीत राव, हे काम आमच्या कॉलेजातल्या पोरांना सांगूनही होत नाही.

फक्त एक सांभाळा, सात बोअरवरून तो आणि आंधळा अंदाज अगदी सारखेच असं ठाम नाही म्हणता येणार, आकडे लहान आहेत. त्याला थोडंफार कळतही असेल, गुरुजी म्हणतात तसं झाडं-उतार पाहून. पण ९५ चं मात्र अवघड दिसतंय. खरंच शंभरात ९५ लागत असते तर सातात दोन किंवा जास्त फेल जाणं शंभरातून चार-पाच वेळाच झालं असतं. त्याला त्या दोन फेल बोअरबद्दल विचारलं का?

संत्रावाला वरुड

मी सकाळपासून हे वाचून रायलो. दगडमाती भाऊ तुमी इचारलं होतं किती फुटावर, तं दोन साडेपाचशेवर अन एक नऊशेवर. अन आमच्याकडे आता सगळ्यायचेच तेवढे खोल जाते, शेजाऱ्याचे बी.

अन एक सांगायचं रायलं. चौथा बोअर बी हाये. २०१९ ले मारला होता, धूळ निघाली नुसती. पाणाडा म्हणे गाडीवाल्यानं दीड हात बाजूले मारला, नस हुकली. मी तो बोअर त्याच्या खात्यात कधी धरलाच नव्हता, गाडीवाल्याच्या धरला होता. आता वाचता वाचता ध्यानात आलं. तरी बी मी माझा अनुभव पूरा खोटा नाही म्हणणार, पण तीन पैकी तीन नाही, चार पैकी तीन लिहा.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

काल तो आला होता. फेल बोअरचं इचारलं. एकाले म्हणे मालकाच्या घरात सुतक होतं, दुसऱ्याले म्हणे अजून साठ फूट जायले पायजे होतं, मालक भेला. म्हणजे हारला असा तो कुठंच नाही.

नारळ फिरवला, बाभळीच्या अलीकडे जागा दाखवली. मी काही बोललो नाही. चहा झाला अन बाबाच म्हणाले का भाऊ, आता डोळ्याले दुपट्टा बांधून एक चक्कर मारा बरं. मी पाहतच रायलो. गुरुजींचं लिहिलेलं मी आदल्या राती आईले वाचून दाखवत होतो, बाबा ओसरीत झोपले होते असं मले वाटलं.

तो बी तयार झाला, कुरकुर नाही केली. तीन ठिकाणी नारळ उभा झाला. बाभळीजवळचं एक बी नाही, जवळचं जे होतं ते सत्तर पावलं दूर, अन एकदा तं इहिरीच्या काठाकडं चालला होता, मी दंड धरला म्हणून बरं. दुपट्टा सोडल्यावर म्हणे डोळे झाकले का लहर तुटते. पण खरं सांगू का, तो लबाड नाही वाटला मले. तिसऱ्या जागेवर पाह्यलं तवा त्याचंच तोंड उतरलं होतं. बाबानं जेवू घातलं, पाचशे रुपये देले, बोअरचं पुढं पाहू म्हणाले.

आता जागा नाल्याकडच्या अंगाले ठरवून रायलो. बाबा म्हणते मीच टाच मारतो, फी घेत नाही. गुरुवारी गाडी येऊन रायली. दगडमाती भाऊ, एक सांगा, गाडीवाला म्हणते ४० फूट केसिंग टाकाच लागते, त्याच्याशिवाय होतच नाही. पण आमच्या इहिरीत उतरून पाह्यलं तं मुरूम २८ फुटापर्यंतच दिसते, खाली काळा दगड. मंग हे ४० कुठून आणून रायला तो?