अनुभव धागा : वस्तूंचे रिव्ह्यू व्हिडिओ, खर्च कमी आणि बोलणं खरं

पाठपिशवी (धागाकर्ती)

लोकहो, वस्तू वापरून तिच्यावर व्हिडिओ करणारे आपल्यात बरेच आहेत. कुणी हेडफोन, कुणी बॅगा, कुणी लिपस्टिक. बहुतेकांकडे स्टुडिओ नाही, कंपन्यांकडून येणारी फुकटची खोकी नाहीत, आणि घरच्यांचं "झालं का तुझं? पंखा लावायचाय" हे मात्र न चुकता असतं. या धाग्यावर सल्ल्यांच्या याद्या नकोत. तुम्ही स्वतः काय करता, पैसा कुठे घालता, कुठे वाचवता आणि वस्तू पसंत पडली नाही तर कॅमेऱ्यासमोर ते कसं बोलता, एवढं लिहा.

सुरुवात मीच करते. माझा विषय पाठीवरच्या बॅगा. बॅगेवर "३० लिटर" छापलेलं असतं, पण लिटर ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून मी सामानाचा एक गठ्ठा कायमचा ठरवून टाकलाय: दोन जीन्स, तीन टीशर्ट, बुटांचा जोड, लॅपटॉप, चार्जर, छत्री. प्रत्येक बॅगेत हाच गठ्ठा, याच क्रमाने, मोबाइल वरून खाली रोखून, एकही कट न मारता भरते. एका बॅगेत छत्री बाहेर राहते, दुसऱ्या बॅगेत सगळं मावून वर जागा उरते. मला काही बोलावंच लागत नाही.

पावसाची चाचणी बाथरूममध्ये. बॅगेत आतून सगळीकडे टिश्यू पेपर अंथरायचा, चेन लावायची, शॉवरखाली दहा मिनिटं ठेवायची. मग बाहेर पुसून बॅग कॅमेऱ्यासमोरच उघडायची. पाणी कुठून शिरलं ते ओला टिश्यू नेमकं दाखवतो. बहुतेक वेळा कापड कोरडं असतं आणि पाणी आलेलं असतं चेनच्या टोकाशी किंवा खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथून. "वॉटरप्रूफ आहे की नाही" या प्रश्नापेक्षा "कुठून गळते" हा प्रश्न जास्त कामाचा, असं माझं मत. खर्च म्हणाल तर टिश्यूचा.

कानसेन

चित्र थोडं धूसर असलं तर लोक सांभाळून घेतात, आवाज घुमला की पुढच्या व्हिडिओवर जातात. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर कॉलरच्या माइकवर घाला. तोही नको असेल तर जुना फोन शर्टाच्या खिशात ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना दोन्ही रेकॉर्डिंगमधलं टाळीचं टोक जुळवलं की ओठ आणि आवाज जुळतात. मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणून टेबलावरचा महागडा माइकसुद्धा खिशातल्या फोनपुढे फिका पडू शकतो. खोलीत आवाज घुमत असेल तर कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बोला. कपडे आवाज पितात. कॅमेऱ्यात कपाट दिसत नाही, काळजी नसावी.

माइक घेताना पिन बघा. ३.५ मिमीच्या पिनवर दोन काळ्या पट्ट्या असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाइलची. दोन पट्ट्यांचा माइक फोनमध्ये थेट खुपसला तर फोन तो ओळखतच नाही आणि आपला स्वतःचा माइक वापरत राहतो. वेगळा अडॅप्टर लागतो.

आता खरेपणाबद्दल. मी हेडफोनचे रिव्ह्यू करतो आणि दर वेळी एक वाक्य म्हणतो: "या हेडफोनचा आवाज कसा आहे हे तुम्हाला या व्हिडिओतून ऐकू येणार नाही." येणारच कसा? ऐकणारा ऐकतोय त्याच्या स्वतःच्या स्पीकरमधून, तेही अपलोडमध्ये दाबलेला आवाज. हेडफोनच्या माइकचा आवाज मात्र ऐकवता येतो. तो मी बंद खोलीत, पंख्याखाली आणि रस्त्यावर रेकॉर्ड करून तसाच लावतो, साफसूफ न करता.

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. किंचित मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. मी एकच गाणं लावून फोनवरच्या फुकटच्या डेसिबल मीटरने, फोनचा माइक कपच्या आत त्याच जागी धरून, दोन्ही जुळवतो. ते अॅप प्रयोगशाळेतलं नाही, आकडा खरा असेलच असं नाही. पण दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे तुलनेला चालतं.

खिडकीतली

लिपस्टिक आणि फाउंडेशन. माझ्या क्षेत्रात सगळं रंगावर अवलंबून, म्हणजे उजेडावर. दिवे विकत घेतलेले नाहीत. खिडकीला काटकोनात बसते, दुसऱ्या गालाच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करते, खोलीतले दिवे सगळे बंद. बंद का, तर दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपास आणि पिवळा बल्ब २,७०० च्या. दोन्ही एकदम चेहऱ्यावर पडले की फोनला पांढरं काय ते ठरवता येत नाही, आणि एक गाल निळसर, एक नारिंगी दिसतो. त्यात लिपस्टिकची शेड सांगणं म्हणजे थापा मारणंच.

स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करते. नाहीतर ढग आला की फोन आपणहून उजळवतो आणि तीच शेड पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला वेगळी दिसते. शेजारी पांढरा कागद धरते, बघणाऱ्याला अंदाज येतो. आणि ब्यूटी फिल्टर बंद! काही फोनमध्ये तो पुढच्या कॅमेऱ्याला मुळातच चालू असतो. फाउंडेशनचा रिव्ह्यू फिल्टर लावून करणाऱ्यांशी माझं वैर आहे.

शेड मनगटावर, ओठांवर, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पुन्हा एकदा. "आठ तास टिकते" असं डबीवर असेल तर आठ तासांनंतरचा चेहरा दाखवते, मधे पुसलं-बिसलं असेल तर तेही सांगून. माझा वर्ण सावळा आहे हे प्रत्येक व्हिडिओत पहिल्या मिनिटात सांगते, कारण माझ्यावर जी उठते ती गोऱ्या कातडीवर भडक दिसू शकते. डबीवरच्या मॉडेलवरून कुणी शेड घेऊ नये, माझ्यावरूनही डोळे झाकून घेऊ नये.

झिरो वॅट

ट्यूबलाइटचा विषय निघालाच आहे तर: व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात ना, त्याचं कारण वीज. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर (एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्ट्या जातात. ६० हर्ट्झवाल्या देशात असाल तर १/६० किंवा १/१२०. पैसा शून्य.

माझा विषय पॉवर बँक, आणि इथे रिव्ह्यू करणारेच लोकांची सर्वांत जास्त दिशाभूल करतात. "१०,००० एमएएच लिहिलंय आणि निघाले फक्त ६,३००, फसवणूक!" असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. गणित करा. एमएएच हे साठलेल्या चार्जचं माप, ऊर्जा काढायला त्याला व्होल्टेजने गुणायचं. आतल्या सेलचा व्होल्टेज साधारण ३.७. म्हणजे १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. यूएसबीतून बाहेर येताना व्होल्टेज होतो ५, म्हणून तीच ऊर्जा कागदावर ७,४०० एमएएच. त्यातली थोडी रूपांतरात उष्णता होऊन जाते. राहिले सहा-साडेसहा हजार. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. बऱ्याच पॉवर बँकांवर बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" म्हणून हाच लहान आकडा छापलेलाही असतो. तोच आकडा मोजून बघायचा.

त्यासाठी यूएसबी मीटर नावाचं बोटभर यंत्र मिळतं, माझ्या सगळ्या सामानात विकत घेतलेलं तेवढंच. पॉवर बँक पूर्ण भरायची, मीटर मधे लावायचा, एकसारखा लोड (सतत तेवढीच वीज ओढणारं काही) द्यायचा आणि जुन्या फोनवर टाइमलॅप्स चालू करून झोपायचं. सकाळी मीटरवरचा आकडा आणि शेजारी ठेवलेलं घड्याळ, दोन्ही एकाच चौकटीत. घड्याळ विसरू नका. घड्याळ नसेल तर लोक म्हणतात मधे काहीतरी केलं असणार, आणि त्यांचं बरोबर आहे.

आडमुठा

मला कंपन्या वस्तू पाठवतात. लपवण्यासारखं काही नाही, पण पहिल्याच वाक्यात सांगतो: "ही वस्तू कंपनीने फुकट पाठवली, परत घेणार नाहीत." डिस्क्रिप्शनमध्ये तळाशी लिहून भागत नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनचंही म्हणणं हेच की खुलासा व्हिडिओतच हवा, नुसता खालच्या मजकुरात पुरत नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अॅस्कीने, २०२१ मध्ये नियम काढले, त्यांत फुकट मिळालेली वस्तूही येते. दोन मिनिटं किंवा त्याहून मोठा व्हिडिओ असेल तर त्या ब्रँडबद्दल बोलणं चालू असेपर्यंत लेबल पडद्यावर राहायला हवं. यूट्यूबवर अपलोड करताना पेड प्रमोशनचा चौकोन असतो, त्यावर टिक केली की सुरुवातीला दहा सेकंद पाटी दिसते. पाटी ठीक आहे, पण तोंडाने बोललेलं लोक लक्षात ठेवतात.

एका कंपनीने "प्रसिद्ध करण्याआधी व्हिडिओ आम्हाला दाखवा" अशी अट घातली. आमची मेलामेली बरीच चालली. मी एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहीत राहिलो: वजन, मापं, फीचर यांत माझी चूक असेल तर कळवा, दुरुस्त करतो, मत बदलणार नाही. त्यांनी वस्तू परत मागवली. कुरियरचा खर्च त्यांनीच केला, एवढं सौजन्य होतं.

जुन्या बाजारातला

आडमुठेसाहेब, खुलासा केला म्हणजे मन निर्मळ झालं असं मला नाही वाटत. फुकट आलेल्या वस्तूबद्दल "एवढं चालतं हो" म्हणायची सवय हळूहळू लागते, आणि ती आपल्याला कळत नाही. विकत घेतलेल्या वस्तूचा राग वेगळाच असतो!

माझा मार्ग सेकंडहँडचा. वापरलेला कॅमेरा, कीबोर्ड, स्पीकर घेतो, महिना-दोन महिने वापरतो, व्हिडिओ करतो, जवळपास त्याच किमतीला विकतो. घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. जास्तीचा फायदा असा की वस्तू दोन वर्षं वापरल्यावर कशी होते ते आयतं बघायला मिळतं: कुठला रबर चिकट होतो, कुठल्या बटणावरची अक्षरं उडतात, चार्जिंगची खाच किती सैल पडते. नव्या खोक्यावाल्यांना हे दिसणं शक्यच नाही. मित्रांकडूनही मागून आणतो. एकच अट पाळतो, मित्राच्या वस्तूबद्दल वाईट बोलायचं असेल तर आधी त्याला फोन करतो.

आडमुठा

सवय लागते, हे मान्य. म्हणून मी शेवटी "स्वतःच्या पैशाने घेतली असती का?" या प्रश्नाचं हो किंवा नाही एवढंच उत्तर देतो. "नाही" बऱ्याचदा येतं.

पहिलं वाक्य

खरेपणावर सगळे बोलले, पण व्हिडिओ कुणी बघतच नसेल तर खरं बोलून उपयोग काय! यूट्यूब स्टुडिओत तिसाव्या सेकंदाला किती जण टिकून आहेत ते दिसतं. माझ्याकडे हा आकडा वाढला तो नमस्कार-चमत्कार, ओळख आणि "चॅनेल सबस्क्राइब करा" हे सगळं काढून टाकल्यावर. आता टॉर्चचा व्हिडिओ अंधाऱ्या जिन्यात सुरू होतो, बटण दाबतो आणि म्हणतो, "हा उजेड वीस मिनिटांनी अर्धा होतो, दाखवतो." निकाल आधी, पुरावा मागून. निकाल शेवटपर्यंत दाबून ठेवणारे बघणाऱ्याचा वेळ खातात.

चॅप्टरही देतो, म्हणजे व्हिडिओचे वेळेसह नाव दिलेले भाग. पहिला ०:०० ला सुरू व्हावा लागतो, किमान तीन लागतात आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा, नाहीतर ते दिसतच नाहीत. ज्याला फक्त बॅटरीचं बघायचंय तो थेट तिथे जातो. वॉच टाइम घटतो म्हणून काहींना हे पटत नाही. जाऊ दे की, तो माणूस परत येतो.

पाठपिशवी (धागाकर्ती)

निकाल आधी सांगण्याबद्दल माझं अर्धंच जुळतं. टॉर्चला ठीक. बॅगेत मात्र "कुणासाठी" हे आधी सांगावं लागतं, त्याशिवाय निकालाला अर्थ नाही. रोज ऑफिसला नेणाऱ्याची चांगली बॅग डोंगरावर नेणाऱ्याला टाकाऊ वाटेल.

आणि वाईट कसं बोलावं यावर कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून माझंच सांगते. मी जे पाहिलं तेवढंच बोलते. "या कंपनीच्या चेनी भिकार असतात" हे मला माहीत नाही, मी एकच बॅग वापरली. "माझ्याकडच्या बॅगेची चेन सहाव्या आठवड्यात दात सोडायला लागली, हे बघा" हे मला माहीत आहे आणि दाखवताही येतं. दुसरं वाक्य ऐकायला सौम्य, पण खोडून काढायला अवघड. कंपनीचा माणूस आलाच तर त्याला चेनबद्दलच बोलावं लागतं.

शाईचा डाग

फाउंटन पेनांचे व्हिडिओ करते. बघणारे थोडे, पण चिकट. खर्च सांगण्यासारखा नाही: फोन, पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून वरून शूटिंग, आणि एकाच कंपनीचा कागद कायम. कागद बदलला की तीच शाई पसरते किंवा पसरत नाही, मग पेनला दोष जातो. पेन उघडं ठेवून दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं थांबते आणि पहिली रेघ उमटते का ते दाखवते. टोपण लावून आठवडाभर ठेवलेल्या पेनची पहिली रेघ वेगळी दाखवते. ही दुसरी चाचणी फार कमी जण करतात, कारण आठवडा जातो.

सहा महिन्यांनी काय झालं हे सांगायची अडचण अशी की यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. भाग कापता येतो, नवा घालता येत नाही. म्हणून मी पहिल्या कॉमेंटला पिन करून तारखेसह लिहिते: "मार्च: टोपणाच्या कडेला बारीक चीर." पुढच्या महिन्यात काही झालं तर त्याखाली अजून एक ओळ. फारच बदललं तर शीर्षकात "आता घेऊ नका" घालते. जुन्या व्हिडिओचे व्ह्यू तरीही येत राहतात, कारण लोक शोधून येतात, आणि त्यांना पहिल्या दिवसाचं माझं कौतुक ऐकण्याआधी ती ओळ दिसते.

कुणाला टोपणाच्या चिरा जवळून नीट शूट करायची युक्ती माहीत असेल तर सांगा. माझा फोन इतक्या जवळ फोकस करत नाही.

झिरो वॅट

जवळ जाऊ नका. थोडं लांब राहून दोनपट झूम करा, उजेड बाजूने तिरपा टाका. चीर सावलीने दिसते.