घरातले कागद कसे लावता?

मुलांच्या शाळेच्या पावत्या, लसीकरणाची कार्डं, लाइटबिलं, सोसायटीच्या नोटिसा, सगळं फ्रिजवरच्या टोपलीत साठतंय. आम्ही दोघंही नोकरीवर. सुरुवात कुठून करू?

— ताई, आधी जन्मदाखले वेगळे काढा. धाकटं १ ऑक्टोबर २०२३ नंतरचं असेल तर शाळाप्रवेशाला, पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो. मी मुलागणिक एक फाइल केलीय. लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेट अजिबात नको. पुढच्या डोसची नोंद नर्स कुठे करणार?

— दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांची छपाई उडते हो! मिक्सर आणला की त्याच दिवशी झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचा. आधार डिजिलॉकरमध्ये.

— लॅमिनेशनचं बरं सांगितलंत, उद्याच करायला टाकणार होते. धाकटी २०२४ची आहे, दाखला आजच शोधते.