पुण्यातील व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी कशी तपासावी?

प्रश्न (रावेर): आमच्या केळीच्या व्यापारात पुण्यातील एक गृहस्थ भागीदार होऊ इच्छितात. त्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत का, हे सामान्य माणसाला कायदेशीर मार्गाने कसे पाहता येईल?

उत्तर (जळगाव, वकील): आपल्याकडे अशी एकच खुली यादी नाही, पोलिसांची अंतर्गत नोंदप्रणाली नागरिकांना पाहता येत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मात्र राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव व वर्ष टाकल्यास प्रलंबित आणि निकाली, दोन्ही प्रकारचे खटले शोधता येतात. वर्ष एकेक करून पाहावे लागते, हे कंटाळवाणे आहे. शिवाय चौधरीसारखे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, म्हणून प्रत्येक प्रकार तपासावा. आणि नाव जुळले म्हणजे माणूस तोच, असे वडिलांचे नाव व पत्ता पाहिल्याशिवाय मुळीच धरू नये.

उत्तर (धुळे): सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळे प्रथम खबरी अहवालही पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, मात्र लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली असतात. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता: त्यांच्याकडूनच काही दाखला मागता येईल का?

उत्तर (जळगाव, वकील): अवश्य. पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो, त्यामुळे करारापूर्वी तो दाखला त्यांच्याकडून मागवा.