सलाईन अलार्मसाठी सरकारी अनुदान: सुरुवात कुठून करू?

कोपरखैरणेकर: मंडळी, रबाळे एमआयडीसीत भावाचं आणि माझं सर्किट बोर्ड जोडण्याचं छोटं युनिट आहे. सलाईन संपत आली की सिस्टरच्या टेबलावर बझर वाजेल असं यंत्र बनवलंय, बाटलीच्या वजनावर चालतं. पुढचे नमुने आणि टेस्टिंगला पैसा हवाय, बँक तारण मागतेय. सरकारी अनुदान खरंच मिळतं का, की नुसत्या जाहिराती? फर्म भावाच्या नावावर, प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची.

घोडबंदर_ट्रॅफिक: मिळतं, पण प्रोप्रायटरीवर गाडी अडेल. केंद्र सरकारच्या 'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता तिला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढलीत तर त्यांच्या सीड फंड योजनेतून नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान (योजना २०२१ पासून चार वर्षांसाठी होती, अजून अर्ज घेतात का ते आधी विचारा), मात्र अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांहून जुनी नको. म्हणून उगाच आधीच काढून ठेवू नका. तोवर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' योजना बघा: १० लाखांपर्यंत, व्यक्तीच्या नावानेही अर्ज चालतो. दोन्हींचे पैसे इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत येतात. तुम्हाला पवई जवळ, आयआयटीच्या 'साइन' या इनक्युबेटरमध्ये चौकशी करा.

क्वालिटीवाली_नेरूळ: दादा, पैशाआधी एक विचारते. हे खऱ्या पेशंटला लावून पाहिलंय का? तसं असेल तर आजच काढा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए-बीचा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, सी-डीचा केंद्राची औषध नियंत्रण संस्था सीडीएससीओ. चाचणीपुरते नमुने बनवायलाही एमडी-१३ नावाचा परवाना लागतो, आणि पेशंटवर वापरायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी आलीच. आपला वर्ग कोणता, पुढचा रस्ता कुठला, हे विचारायला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं 'मेडटेक मित्र' पोर्टल आहे, डिसेंबर २०२३ पासून. आधी तिथे नोंद करा.

कोपरखैरणेकर: नाही ताई, स्टँडला पाण्याची बाटली लावूनच सगळं केलंय. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या 'बिग' अनुदानाबद्दल ऐकलं, ५० लाख म्हणे?

घोडबंदर_ट्रॅफिक: ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, आणि टप्प्याटप्प्याने. ठरलेलं काम दाखवा, मग पुढचा हप्ता. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका: वजनावरचा सलाईन अलार्म इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टला करतात. समिती पहिलाच प्रश्न विचारेल, यात नवीन काय?

कोपरखैरणेकर: पेशंट स्टँड ढकलत बाथरूमला गेला तरी आमचा बझर उगाच वाजत नाही. भावाने त्याचं गणित बसवलंय.

क्वालिटीवाली_नेरूळ: अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! खोट्या अलार्मने सिस्टर वैतागतात आणि सरळ बझरच बंद करून ठेवतात. अर्जाचा गाभा तोच. आता पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पूर्ण मसुद्याला १२ महिने मिळतात. अर्ज टाकेपर्यंत प्रदर्शनात मांडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ तर नकोच.

घोडबंदर_ट्रॅफिक: आणि वेगवेगळ्या स्टँडवर, खडबडीत फरशीवर, लिफ्टच्या उंबऱ्यावर ढकलून किती वेळा चुकीचा वाजला ते तारखेनिशी वहीत लिहा. अर्जाला तोच तक्ता जोडायचा.