मदत हवी आहे: बाबांची पत्रं ई-मेलवर आणू की व्हॉट्सॲपवरच राहू दे? (भाऊ बोटीवर असतो)

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे, पण मला सुटत नाहीये. जरा सविस्तर लिहिते, कारण "दोन्ही वापर की" हे उत्तर घरात सगळ्यांनी देऊन झालंय आणि त्याने काहीच होत नाही.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. बाबा 76 वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आई-बाबा गावातच असतात. मी लग्न होऊन फोंड्याला आले, ताई दुबईत, आणि धाकटा भाऊ तारवटी. मालवाहू बोटीवर आहे, एकदा चढला की आठ-नऊ महिने घरी नाही. पुढच्या महिन्यात तो परत जाणार, आणि त्याआधी मला हे नीट लावून द्यायचंय.

सध्या आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर आहोत. चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-फुलांच्या मांडवीच्या) सामानाची यादी, देवळातल्या उत्सवाची सूचना, वीज गेली, वीज आली, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचा फोटो, सगळं तिथेच. रोजच्या कामाला ते उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. ताईला तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात, म्हणून ती त्यावरच.

पण माझी अडचण वेगळी आहे. आमच्या घरात बोलायचं कोंकणीतून आणि लिहायचं मराठीतून. गोव्यातल्या पुष्कळ घरांत हे असंच असतं, त्यात कोणाला नवल वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. आता बाबांचं बोट थरथरतं, टाईप करणं जमत नाही, म्हणून ते माइकचं बटण दाबून बोलतात. आणि काय बोलतात? "जेवलो रे? हांगा पावस जोरान पडटा. आमी बरीं आसात." अकरा सेकंद. तिकडून भाऊ एक अंगठा पाठवतो. संपलं.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन बदलला. त्यात सगळं लावून देताना मी त्यांचं जीमेल उघडलं. हे खातं 2006 चं. तेव्हा जीमेलला निमंत्रण लागायचं, ते कॉलेजातल्या मैत्रिणीकडून मिळवून मीच बाबांच्या नावाने उघडलं होतं, भाऊ पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा. बाबा वहीच्या कागदावर पत्र लिहायचे आणि शनिवारी मी ते डिचोली बाजारातल्या सायबर कॅफेत नेऊन टाईप करायचे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण बोटीवर मेल यायची ती ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर आणि तिथे देवनागरीचे नुसते चौकोन दिसायचे. भावाला ती छापून हातात मिळायची.

त्या मेल सगळ्या आहेत. एकूण एक. 2007 च्या मे महिन्यातल्या एकीतला तुकडा देवनागरीत उतरवून देते (पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी):

"पुरुमेंताची सोले वाळवून झाली, कांद्याच्या माळा वर टांगल्या. पश्चिमेच्या भिंतीला यंदा ओल येईल असे वाटते. तू नसल्यामुळे कौले परतायला गडी सांगितला आहे. तो वर चढला तेव्हा मी खालून सारखा 'सांभाळ' म्हणत होतो. तू चढायचास तेव्हा मी असे कधी म्हटले नाही, हे आज लक्षात आले. मनात मात्र असायचे."

हे वाचलं आणि मी उठून माजघरात जाऊन बसले. बाबांचा हा आवाज मी किती वर्षांत ऐकलेला नाही. कोंकणीतले बाबाही मायाळूच, पण मोजकं बोलणारे. लिहिणारे बाबा निराळे. ते भिंतीवरून सुरू करतात आणि कुठेतरी मधेच, जे तोंडाने कधी म्हणणार नाहीत ते लिहून जातात.

आणि हे सांगताना जीव कळवळतो, की 2020 मध्ये त्यांनी पुन्हा असं लिहिलं होतं. भाऊ तेव्हा बोटीवर अडकला होता, कुठल्याच बंदरात उतरू देत नव्हते. बाबांचा हात तेव्हा बरा होता. रात्री पडवीत बसून ते व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहायचे. त्याच पावसात फोन विहिरीकडच्या दोणीत पडला, बॅकअप कोणी लावलेला नव्हता, तिकडे भावाने फोन आणि नंबर दोन्ही बदलले. चूक आमचीच. पण आज परिस्थिती अशी की 2007 चं सगळं आहे आणि 2020 चं एक अक्षर नाही.

म्हणून विचारते. बाबांना पत्रांसाठी पुन्हा ई-मेलवर आणावं का? या वयात ते जमेल का, हात थरथरतो तर मराठी कसं लिहायचं? आजकाल बोटीवर ई-मेल नीट मिळते का, की व्हॉट्सॲपच जास्त भरवशाचं? आणि एक भीती: या जुन्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. फोनवर ते उघडं आहे म्हणून दिसतंय. त्याला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद झालाय. हे खातं गेलं तर पत्रंही जातील ना?

ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

वाळपईकर:

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते खातं वाचवा. जुन्या फोनवर किंवा नव्यावर, जिथे उघडं आहे तिथूनच सेटिंगमध्ये जाऊन चालू नंबर जोडा, शिवाय तुमचा ई-मेल पत्ता जोडा. पासवर्ड बदला. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली की गूगल 10 बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून घरच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आहे. बाबांचं खातं अँड्रॉइड फोनवर चालू होतं, प्ले स्टोअर वगैरे वापरात होतं, म्हणून ते जिवंत राहिलं असावं.

आता मूळ प्रश्न. व्हॉट्सॲप मोबाइल नंबरला बांधलेलं आहे आणि तारवट्याचा नंबर ही मोठी कटकट. 90 दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. शिवाय 120 दिवस न उघडलेलं व्हॉट्सॲप खातंही काढलं जातं. ई-मेलचा पत्ता नंबरवर अवलंबून नाही. आणि ई-मेल कुठल्याही एका कंपनीची नाही. तुमची जीमेल, भावाची दुसरीच कुठली तरी, तरी पत्र पोचतं. मेसेजच्या ॲपमध्ये दोघांनाही त्याच दुकानात जावं लागतं. ऑर्कुट आठवतंय? 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. माझ्या मित्रांनी लिहिलेलं सगळं तिथे होतं, मी वेळेत उतरवून घेतलं नाही, ते गेलं.

जुना तारवटी:

मी 31 वर्षं बोटीवर काढली, म्हणून लिहितो. तुम्ही म्हणता ती छापलेली मेल मी उशीखाली ठेवून झोपलोय. तुमच्या भावाकडेही काही कागद उरलेले असतील, विचारून बघा.

आता दिवस बदलले. बोटीवरच्या कामगारांसाठीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली, ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. शक्य तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतले तर ते वाजवी असावेत, असं त्यात आहे. तरी भर समुद्रात कधी मिळतं, कधी नाही, आणि डेटा मोजून मिळतो. व्हॉट्सॲप लागलं की एकदम दोनशे मेसेज कोसळतात. देवळाचा ग्रूप, गुड मॉर्निंगची फुलं, आणि त्यात कुठेतरी घरचं एक वाक्य. ड्यूटीवरून आलेला माणूस ते कुठे शोधणार? अंगठा पाठवतो आणि झोपतो. भावाला दोष देऊ नका.

ई-मेल तशी येत नाही. ती थांबते. आपण कॉफी घेऊन बसतो, उघडतो, दोनदा वाचतो. उत्तर लगेच द्यायचं नसतं म्हणूनच मोठं उत्तर लिहावंसं वाटतं.

आणि हात थरथरतो तर टाईप कशाला? बाबांना कागदावरच लिहू दे. गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये कागद स्कॅन करायची सोय आहे, काळं-पांढरं ठेवलं की फाइल अगदी लहान होते, फोटोसारखी चार-पाच एमबीची नाही. ती मेलला जोडा. मला आज माझ्या वडिलांचं अक्षर बघायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

मांडवीकाठी:

मला थोडं वेगळं म्हणायचंय. ती अकरा सेकंदं टाकाऊ नाहीत. माझी आई गेली आणि माझ्याकडे तिचे व्हॉइस मेसेज आहेत, "पोटभर जेव गो" एवढंच. पत्रं जरूर आणा, पण आवाजही जपा. चॅट उघडून एक्स्पोर्ट करा, ते स्वतःलाच मेल करता येतं. व्हॉइस नोट ओपस नावाच्या फाइली म्हणून सोबत येतात. मीडियासकट केलं तर सुमारे 10,000 मेसेजपर्यंत जातं. ती प्रत नुसती वाचायला-ऐकायला, परत व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही. एकावेळी मेलला 25 एमबीच जोडता येतं, जास्त असेल तर ड्राइव्हवर ठेवा. दर चवथीला एकदा करायचं असं ठरवून टाका, विसरत नाही.

आणि बाबांना हवं असेल तर जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठी निवडून बोटाने अक्षरं गिरवता येतात किंवा बोलून टाईप होतं. पण मीही म्हणेन, कागदच बरा.

धागा काढणारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकाठी, तुमचं वाचून मी त्याच रात्री एक्स्पोर्ट केलं. तुम्ही म्हणता ते खरंय, मी त्या अकरा सेकंदांवर अन्याय करत होते.

खात्याचं काम वाळपईकरांनी सांगितलं तसं झालं. कोडचा कागद घरपट्टीच्या पावत्यांसोबत पेटीत आहे. दर रविवारी मी माशेल-आमोण्यावरून गावात जाते, तेव्हा पत्र स्कॅन करून पाठवायचं असं ठरलंय.

जुन्या तारवट्यांना एक विचारायचंय. बाबा विषयाच्या जागी दर वेळी "श्री" एवढंच लिहायला सांगतात. त्यामुळे पत्रं एकाखाली एक गोळा होतील का? भावाला वेगवेगळी दिसायला हवीत.

जुना तारवटी:

होऊ शकतात. श्रीच्या पुढे तारीख घाला, सुटी सुटी राहतील. आणि मेलमध्ये चार शब्द टाईप करा, "भिंत, कौलं, पुरुमेंत" असे. स्कॅन केलेल्या कागदातलं पुढे शोधता येईलच असं नाही, ते चार शब्द नक्की सापडतात.

धागा काढणारी:

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. भाऊ बोटीवर गेला. चार पत्रं गेली.

पहिल्या पत्राला बाबांनी दोन तास घेतले. अक्षर हललेलं आहे, ओळी उजवीकडे खाली उतरतात, तरी शिरोरेघा सगळ्या दिलेल्या आहेत. तारीख घाला म्हटल्यावर त्यांनी इंग्रजी तारीख नको म्हटलं, तिथी सांगितली. आता विषयाच्या जागी "श्री. आषाढ शुद्ध सप्तमी" असं जातं, आणि खाली मी चार शब्द टाकते.

पहिल्या तीन पत्रांना भावाने व्हॉट्सॲपवरच "मिळालं" म्हणून कळवलं. चौथ्याला परवा मेल आली. मराठीत, देवनागरीत, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहिलं असेल, र्‍हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. बाबांनी चष्मा लावून फोन हातात धरला, लाल पेन कुठे आहे विचारलं, मग तसंच राहू दे म्हणाले. तीन ओळींची मेल होती. शेवटी त्याने विचारलंय, पश्चिमेच्या भिंतीला यंदा ओल आली का.

उत्तर लिहिणं चालू आहे. पडवीत बसलेत, मी समोरून हे टाईप करतेय.