१ जानेवारीले संकल्प कायले? आपलं साल तं गुढीपाडव्याले लागते

काळी_कसदार
पुतण्या नागपुरात शिकतो. ३१ डिसेंबरच्या रात्री त्यानं घरच्या ग्रुपवर यादी टाकली: पहाटे पाचला उठणार, रोज दहा पानं वाचणार, मोबाइल तासभरच. खाली मला विचारलं, ‘काकाजी, तुमचा संकल्प?’ मी तेव्हा तुरीच्या धुऱ्यावर जागलीला होतो, रानडुकरांच्या नावानं डबा बडवत. पहाटे पाचला आम्ही झोपायला घरी येतो, बाप्पा.

माझं म्हणणं असं, की जानेवारीत आपल्या शिवारात काही सुरूच होत नाही. कपाशीचा शेवटचा वेचा बाकी, तूर सोंगायला आलेली, हरभरा पाण्यावर आणि पाणी लाइनीवर, म्हणजे विजेवर. त्यातही काही दिवस लाइन रात्रीची. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल पाडव्याला संपते, नवं बोलणंही पाडव्यालाच. पीककर्जाची तारीख ३१ मार्च. पेरणीचं वर्ष मृगाला लागते. ऐन कामात अडकलेला माणूस स्वतःला बदलायला कधी बसणार? पाडव्याला हात रिकामे असतात, हिशोब समोर असतो, कुठं चुकलं ते दिसते. संकल्प करायचा तर तवा.

तिरपा_धुरा
काकाजी, पाडव्याले म्हणान मृग येऊ द्या. मृगात म्हणान पोळा होऊ द्या. आन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सारे मेढे, दारापुढं रोवलेल्या पळसाच्या फांद्या, उपटून शिवेवर फेकतो, ‘रोगराई घेऊन जाय गे मारबत’ म्हणून बोंबलतो. बोंबलून झालं की तिथूनच पानठेल्यावर. मारबत बिचारी कितीक नेईन?

पन्नी_सुटली
पानठेल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी चौदा वर्षं खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना, खाल्ला. दिवसाला तीन, वीसचा एक. सोडायच्या आधी एकदा वहीवर मांडलं: रोजचे ६०, वर्षाचे २१,९०० रुपये. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता. म्हणजे जवळपास तीन क्विंटल कापूस मी घोटून थुंकला. माझ्या कोरडवाहू एकरात कधीकधी पाचच क्विंटल निघतो. राज्यात सुगंधित तंबाखू आणि सुपारीवर बंदी आहे हे मला माहीत होतं, ठेलेवाल्यालाही माहीत होतं.

सोडला तो १ जानेवारीलाच, पण मुहूर्त पाहून नाही. त्या दिवशी तोंडात वरण गेलं आणि गालाच्या आतून आग झाली. तिखट नव्हतंच त्यात. बायको काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. पहिले दहा दिवस मी ठेल्यासमोरून जायचंच सोडलं, शेतात जायला नाल्याकडून फेरा घ्यायचो. खिशात भाजलेली बडीशेप. अकराव्या दिवशी एका बारशात खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत बंद. काळी_कसदार भाऊ, पाडव्यापर्यंत थांबलो असतो तर पाडव्याला हिशोब नसता मांडला, डॉक्टरची चिठ्ठी वाचली असती.

झेडपीचा_मास्तर
मधे बोलतो. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे सगळीकडं सांगतात, त्याचं मूळ १९६० मधलं आहे. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नवा चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढं गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. तिथं सवय जडायला साधारण ६६ दिवस निघाले, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. म्हणजे बारशातला तो खर्रा माफ.
आता १ जानेवारीपासून ६६ मोजा. मार्चचा पहिला आठवडा येतो. पाडव्याला सवय तयार.

काळी_कसदार
मास्तर, पाडवा मार्चात आला तर तिथून मोजलं तरी मृगाच्या आत बसते. तुमच्याच आकड्यानं माझंही खरं झालं.

पन्नी_सुटली
पण मास्तर, ती मंडळी रोज फळ खाणं, पाणी पिणं, पळायला जाणं अशा सवयी लावत होती ना? लावणं येगळं, सोडणं येगळं. मला आजही पावसाळी हवेत वास आला की तोंडाला पाणी सुटते.

गटाची_वही
सगळे दादाच बोलून राहिले. मी बचतगटाची वही सांभाळते. आमच्यातल्या बाया पाचला उठतात, त्याले कोणी संकल्प म्हणत नाही. डबा, भांडी, पाणी, मग वेचायला. किलोमागं दहा रुपये, सुरुवातीच्या वेच्यात तीस-पस्तीस किलो होते, आता बोंडं राहिली नाहीत तर पंधराही होत नाही. त्या बाईनं स्वतःत काय सुधारायचं? मी यंदा एकच गोष्ट ठरवली, ती १ तारखेलाच. दुपारी जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं आणि सासूबाई ‘काहून झोपली’ म्हणाल्या तरी उठायचं नाही. आतापर्यंत नऊ दिवस झाले, चार जमले.

तिरपा_धुरा
ताई, हा खरा संकल्प. बाकीचे नुसते पोस्टर.

मोझरी_रस्ता
मला वाटते आपण चुकीच्या जागी भांडतो. ‘मी सुधारणार’ हेच आपल्याकडचं नाही. गाडगेबाबा खराटा घेऊन आले, आधी गाव झाडलं, मग रात्री कीर्तनात लोकांना कर्जाबद्दल, दारूबद्दल विचारलं. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना लावून दिली. एकट्यानं ठरवलेलं एकट्यातच मोडते, कोणाला कळतही नाही.

तिरपा_धुरा
भाऊ, २० डिसेंबरले बाबांच्या पुण्यतिथीले आम्ही पूर्ण गाव झाडलं. फोटो काढले. २१ ले मारुतीच्या पारावर खर्ऱ्याच्या पन्न्या मोजल्या, चाळीसवर गेल्या. चाळीस जणं मिळूनच मोडलं ना ते!

मोझरी_रस्ता
मग २१ ला परत झाडायला कोण गेलं?

तिरपा_धुरा
कोणीच नाही. मी मोजायलेच गेलतो.

गटाची_वही
आमच्या गटात हप्ता चुकला की सगळ्यांसमोर नाव वाचतात, म्हणून हप्ता चुकत नाही. पण माझ्या झोपेचं मी गटात सांगणार नाही. चार जणी हसतील आणि पाचवी सासूबाईंच्या कानावर घालीन. मोझरी_रस्ता दादा, सगळंच चारचौघांत होत नसते.

काळी_कसदार
मी माझं सोडत नाही, हिशोब पाडव्यालाच. आता खरं सांगायचं तर खर्रा मीही खातो, वर लिहिलं नव्हतं. या आठवड्यात तीनाचे दोन झाले. संकल्प वगैरे काही नाही. धाकटी पोरगी माझ्या शर्टाच्या खिशातल्या पन्न्या मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवते, जानेवारीच्या पानावर. आज रात्रीची लाइन आहे, निघतो.